‘ध’ चा ‘मा’ : आरोपीची भाषा आणि फौजदारी न्याय

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. मूळ हुकूम ‘नारायणरावास धरावे’ असा होता आणि त्यातील ‘ध’ खोडून ‘मा’ करण्यात आला, ही कथा मराठी मनात तेव्हापासून रुजली आहे. असा कागद खरोखर होता काय आणि असल्यास अक्षर कोणी बदलले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार अडीचशे वर्षे टिकला, याला अर्थ आहे. एका अक्षराने अटकेची शिक्षा मृत्यूत बदलू शकते, हे आपल्या समाजाने अनुभवाने जाणले होते.

सीमाभागातील भाषाप्रश्नाची चर्चा आपण बहुधा शाळा, फलक, शासकीय परिपत्रके आणि जमिनीचे उतारे यांच्या संदर्भात करतो. ती आवश्यकच आहे. तथापि ज्या ठिकाणी भाषेचे मोल सर्वांत जड होते, त्या ठिकाणाविषयी आपण फारसे लिहीत नाही. ते ठिकाण म्हणजे आरोपीचा पिंजरा. उताऱ्यातील चूक अर्ज करून दुरुस्त होते. खुनाच्या, खुनाच्या प्रयत्नाच्या किंवा जबर दुखापतीच्या खटल्यात चुकीने नोंदला गेलेला एक शब्द मात्र माणसाच्या आयुष्याची दहा-पंधरा वर्षे घेऊन जातो. म्हणून आरोपीच्या भाषेचा हक्क कायद्यात कसा आला, तो आज कोठे आहे आणि तो हातचा कसा निसटतो, याचा इतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ एका क्रियापदापासून करू. संस्कृत ‘मृ’ धातूच्या प्रयोजक रूपातून आलेले ‘मारणे’ हे मराठी क्रियापद मुळात ‘मरण आणणे’ या अर्थाचे. मराठीत मात्र त्याने दोन्ही तीरांवर वस्ती केली आहे. ‘बापाने पोराला मारले’ म्हणजे दोन थपडा दिल्या, आणि ‘वाघाने गाय मारली’ म्हणजे जीव घेतला. ‘मारहाण’ या शब्दात मृत्यू नाही, ‘मारेकरी’ या शब्दात तो आहेच. शिवाय आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पाही मारतो. संदर्भ ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला यात कधी अडखळायला होत नाही. नेमकेपणा हवा असेल तेव्हा आपण ‘ठार मारले’, ‘जिवे मारले’ असे म्हणतो. कन्नड भाषेत या दोन अर्थांसाठी ‘होडे’ आणि ‘कोल्लु’ असे दोन स्वतंत्र धातू आहेत. इंग्रजीतही दोन निराळी क्रियापदे आहेत. त्यामुळे ‘मी त्याला मारले’ हे वाक्य कन्नडात अथवा इंग्रजीत उतरवणाऱ्याला निवड करावीच लागते. ती निवड लेखनिक करतो, आणि तिचा भार आरोपी वाहतो.

हा भार किती, ते कायद्याच्या पायऱ्यांवरून दिसेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५ खाली कमाल एक वर्ष कैद आहे. हाड मोडले, दात पडला, डोळा अधू झाला, की ती जबर दुखापत होते आणि कलम ११७ खाली कमाल सात वर्षे होतात. घातक हत्याराने जबर दुखापत केल्यास कलम ११८ खाली जन्मठेपेपर्यंत मजल जाते. खुनाच्या प्रयत्नाला कलम १०९ खाली दहा वर्षांपर्यंत कैद, आणि त्यात दुखापत झालेली असल्यास जन्मठेपही. मृत्यू घडला असेल तर प्रश्न उरतो तो खून की सदोष मनुष्यवध हा. खुनाला कलम १०३ खाली मृत्युदंड किंवा जन्मठेप याखेरीज तिसरी शिक्षा नाही, तर सदोष मनुष्यवधाला, उद्देश नसून केवळ जाणीव असल्यास, कलम १०५ खाली कमाल दहा वर्षे. कृती एकच, लाकडाचा फटका एकच, परंतु मारणाऱ्याच्या मनात काय होते यावरून शिक्षेत असे अंतर पडते. मनात काय होते हे न्यायालयाला जखमेवरून, हत्यारावरून आणि शब्दांवरून कळते. ‘आता तुला सोडत नाही’ हे बांधावरच्या भांडणात प्रत्येक पिढीने उच्चारलेले वाक्य आहे. भाषांतरात ते ‘तुला जिवंत सोडणार नाही’ असे झाले, की रागाचा उद्गार खुनाच्या उद्देशाचा पुरावा ठरतो.

शिक्षा भोगून झाली म्हणजे परिणाम संपले असेही नाही. दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा झाल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ प्रमाणे सुटकेनंतरही सहा वर्षे विधानसभा वा लोकसभेची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरी जाते, पारपत्राला अडथळा येतो. खटला केवळ प्रलंबित असला तरी पारपत्र नाकारता येते.

आता इतिहासाकडे वळू. पेशवाईत आजच्या बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील बहुसंख्य तंटे गोतसभेत आणि पंचायतीत चालत. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी मोडी मराठीत लिहून घेतल्या जात आणि शेवटी निवाडपत्र होई. त्या न्यायाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जात आणि हुद्दा पाहून शिक्षा बदले, पुरावा नसल्यास दिव्य करावे लागे. परंतु ज्याच्यावर आळ आला, त्याच्याशी बोलणारे त्याचीच बोली बोलत, एवढे त्या व्यवस्थेत होते. भाषांतर हा न्यायाचा टप्पा नव्हता.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र बांधले गेले आणि त्यांतील चौदावा रेग्युलेशन हा गुन्हे व शिक्षांविषयीचा होता. १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर १८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली आणि १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाली. या टप्प्यावर एक नवीनच परिस्थिती उत्पन्न झाली. आरोपी एका भाषेत बोलणार, लेखनिक दुसऱ्या भाषेत लिहिणार आणि युरोपियन न्यायाधीश तिसऱ्या भाषेत विचार करणार. आरोपीची भाषा ही अडचण आहे, हे परकीय राज्यकर्त्याला उघड दिसत होते, कारण ती त्याची स्वतःचीही अडचण होती. आरोपीच्या भाषिक संरक्षणाची कलमे या अडचणीतून आकाराला आली.

१८९८ च्या प्रक्रिया संहितेत ती स्पष्ट दिसतात. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष दिली जात असेल, तर ती भर न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, असे कलम ३६१ सांगत होते. आरोपीची स्वतःची जबानी, शक्य असल्यास, तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहावी, असे कलम ३६४ मध्ये होते. किरकोळ खटल्यात आरोपीने दिलेली कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवावी, अशी कलम २४३ ची आज्ञा होती. दोषी ठरलेल्याला निकालाची नक्कल आणि मागणी केल्यास शक्य तेथे त्याच्या भाषेत भाषांतर द्यावे, असे कलम ३७१ म्हणत होते. ज्या राजवटीने आपल्या पूर्वजांना तुरुंगात टाकले, तिच्या कायद्यात हे लिहिलेले होते, ही वस्तुस्थिती आपण नोंदवली पाहिजे.

त्या काळच्या निवाड्यांत या हक्काची मर्यादाही उमटली. १९१५ मध्ये लंडनच्या फौजदारी अपील न्यायालयासमोर ली कुन या चिनी आरोपीचा खुनाचा खटला आला. वकील असला तरी इंग्रजी न जाणणाऱ्या आरोपीला साक्ष समजावून सांगितलीच पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने ठामपणे सांगितले. परंतु त्याची शिक्षा मात्र कायम राहिली, कारण प्राथमिक चौकशीत तोच पुरावा त्याला दुभाष्यामार्फत कळला होता. पुढील दशकात ब्रह्मदेशातून आलेल्या अब्दुल रहमान प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले, की नोंदी वाचून दाखविण्यातली चूक एवढ्यानेच खटला रद्द होत नाही, त्यामुळे अन्याय झाल्याचे दिसले पाहिजे. हक्क मान्य, पण हानी दाखवा, ही भूमिका तेव्हापासून आजपर्यंत टिकली आहे. तिचे महत्त्व पुढे येईल.

मराठी भाषा आणि फौजदारी न्यायालय यांची सर्वांत गाजलेली गाठ १९०८ मध्ये पडली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आरोप हिंसेचा नव्हता, परंतु हिंसेविषयी लिहिलेल्या मराठी शब्दांचा होता. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी गृहस्थ होते. मराठी लेख त्यांनी इंग्रजी भाषांतरातून वाचले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी घेतली आणि मूळ शब्दांची छटा भाषांतरात कशी भडक झाली, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. सात विरुद्ध दोन मतांनी दोष ठरला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांजवळ स्वतःचे विद्वत्तेचे बळ होते, म्हणून भाषांतराचा प्रश्न निदान नोंदला गेला. हलगा किंवा येळ्ळूरच्या शेतकऱ्याजवळ ते बळ नसते. त्याच्यासाठी ते काम वकिलानेच करावे लागते.

आपल्या भाषकांचा हा अनुभव एका प्रांतापुरता नव्हता. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड येथील मराठी आरोपीसमोर उर्दू दप्तर होते. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत न्यायालयाची भाषा पोर्तुगीज होती. मराठी आणि कोकणी बोलणारा माणूस तेथे दुभाष्याच्या तोंडाने बोले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, तसेच कारवारचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या दिवसाचा राजकीय अर्थ वाचकांना सांगण्याची गरज नाही. न्यायालयीन अर्थ मात्र क्वचित सांगितला जातो. अपिलाचे उच्च न्यायालय मुंबईहून बंगळूरला गेले, म्हणजे गरीब कैद्याच्या नातेवाइकांना अपिलासाठी सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास आला. धारवाडचे फिरते खंडपीठ २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये कायम झाले. दरम्यान खालच्या न्यायालयांचे दप्तर कन्नड आणि इंग्रजी यांत चालू लागले. न्यायालयाची भाषा ठरविण्याचा अधिकार प्रक्रिया संहितेने राज्य शासनाला दिलेला आहे. आरोपीला समजण्याचा हक्क मात्र त्या अधिकाराच्या अधीन नाही. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे आपले पुष्कळ नुकसान झाले आहे. न्यायालयाची भाषा कोणती, हा राज्याचा प्रश्न आहे. माझ्यावरचा आरोप मला कळला काय, हा माझा प्रश्न आहे, आणि सीमाप्रश्न सुटेपर्यंत तो थांबत नाही.

स्वातंत्र्योत्तर न्यायव्यवस्थेने हा हक्क अधिक बळकट केला. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटकेची कारणे कळण्याचा हक्क दिला. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात नागपूरच्या एका स्थानबद्धाला इंग्रजीत कारणे दिली गेली होती. त्याने हिंदीत मागितली, शासनाने इंग्रजी ही राजभाषा असल्याचे सांगून नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. शासनाची भाषा कोणती हे उत्तर पुरेसे नाही, त्या माणसाला समजले पाहिजे, हा त्या निवाड्याचा गाभा. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद १४ मध्ये समजणाऱ्या भाषेत आरोप कळण्याचा आणि विनामूल्य दुभाष्याचा हक्क आहे. अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत देणे सर्व गुन्ह्यांसाठी बंधनकारक असल्याचे सांगितले.

१८९८ ची कलमे १९७३ च्या संहितेतून आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली आहेत. साक्ष समजावून देण्याचे कलम ३१४, आरोपीच्या जबानीच्या भाषेचे कलम ३१६, दुभाष्याने खरे भाषांतर करण्याच्या बंधनाचे कलम ३१७, निकालाचा सारांश आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजणाऱ्या भाषेत सांगण्याचे कलम ३९२, आणि निकालाच्या भाषांतराचे कलम ४०४. हे आकडे सीमाभागातील प्रत्येक कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावेत.

मग हक्क असून तो हरवतो कोठे? आमच्या वकिलीच्या अनुभवात तो तीन ठिकाणी हरवतो.

पहिले ठिकाण पोलीस ठाणे. साक्षीदार मराठीत सांगतो, जबाब कन्नडात लिहिला जातो. त्या जबाबावर सही नसते, त्यामुळे तो वाचून पाहण्याचा प्रसंगच येत नाही. दोन-तीन वर्षांनी साक्षीदार न्यायालयात उभा राहतो, तेव्हा त्याचे आजचे वाक्य आणि कागदावरचे वाक्य यांत विसंगती दिसते. ती विसंगती त्याच्या स्मरणाची असते की भाषांतराची, हे कोणी विचारले नाही तर तो खोटा ठरतो. आरोपीच्या बाजूचा असो वा फिर्यादीच्या, दोघांचीही गत तीच. पंचनाम्याचेही तसेच. वाचता न येणाऱ्या मजकुराखाली पंच सही करतो.

दुसरे ठिकाण दोषारोप वाचून दाखविण्याचा दिवस. येथे एक भाषिक सापळा आहे. आरोपी, फिर्यादी, जामीन, वकील, पंचनामा, साक्षी, शिक्षा, अपराध हे शब्द थोड्या उच्चारभेदाने मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहेत, काही फारसीतून आलेले, काही संस्कृतातून. ओळखीचे शब्द कानावर पडतात, आरोपीला वाटते आपल्याला कळले. वाक्याचा कणा असलेले क्रियापद मात्र निसटलेले असते. ‘तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?’ म्हणजे चूक कबूल करता काय, असा प्रश्न येतो आणि तो आदराने मान हलवतो. आपल्याकडे अधिकाऱ्यासमोर मान हलवणे म्हणजे ‘ऐकले’ एवढेच असते, कबुली नव्हे. किरकोळ मारहाणीच्या खटल्यात अशा एका होकारावर दोष लागू शकतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे मौन. आज संहितेच्या कलम ५११ प्रमाणे प्रक्रियेतील चुकीमुळे निकाल रद्द करायचा तर न्यायाची हानी झाल्याचे दिसावे लागते, आणि हा आक्षेप आधीच्या टप्प्यावर घेता आला असता काय, हेही न्यायालय पाहते. लंडन आणि रंगूनच्या जुन्या निवाड्यांतील तत्त्व ते हेच. पाच वर्षे गप्प राहून अपिलात ‘मला भाषा समजत नव्हती’ म्हटले, तर न्यायालय विचारते, की तेव्हा का बोलला नाहीत?

म्हणून उपाय पहिल्या दिवशीचा आहे. रिमांडच्या वेळीच, आपल्याला मराठी समजते, अटकेची कारणे मराठीत द्यावीत, असा एका पानाचा अर्ज वकिलामार्फत द्यावा आणि तो नोंदीत येऊ द्यावा. वकील करण्याची ऐपत नसल्यास कलम ३४१ आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडून विनामूल्य वकील मिळतो. तो मागताना मराठी जाणणारा मागावा. दोषारोपाच्या दिवशी समजले नाही तर ‘समजले नाही’ एवढेच स्पष्ट म्हणावे. साक्षीच्या वेळी ‘मारले’, ‘ढकलले’, ‘हात उगारला’, ‘सोडत नाही’ असे मूळ मराठी शब्द जसेच्या तसे नोंदीत घेण्याची विनंती वकिलाने करावी. ज्या भाषेत साक्ष दिली त्या भाषेत ती शक्य तेथे लिहून घेण्याची तरतूद कलम ३१२ मध्ये आहे. मूळ शब्द कागदावर असेल तर उच्च न्यायालयात त्याचा अर्थ सांगता येतो. केवळ भाषांतर असेल, तर युक्तिवादाला जमीन उरत नाही.

चळवळीतील तरुणांसाठी एक गोष्ट विशेष सांगणे आमचे कर्तव्य आहे. मोर्चात दगड एकाने मारला तरी बेकायदा जमावाच्या समाईक उद्दिष्टाचे कलम १९० जमावातील प्रत्येकाला त्या कृतीला जबाबदार धरू शकते. अशा खटल्यांत उद्दिष्ट काय होते, हे घोषणांवरून आणि भाषणांवरून ठरविले जाते. ‘मोडून काढू’, ‘धडा शिकवू’ या सभेतल्या लकबी कागदावर कशा उतरतील, याचा विचार वक्त्यांनीही करावा.

यात कन्नड भाषेशी वैर नाही. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड भाषक आरोपीला महाराष्ट्रातील न्यायालयात हाच हक्क आहे, आणि तेथे तो नाकारला गेला तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. बेळगाव कोणत्या राज्यात असावे, याचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आणि त्याचा निर्णय तेथे होईल. परंतु उद्या सकाळी अकरा वाजता ज्याचे नाव पुकारले जाणार आहे, त्याला त्या निर्णयाची वाट पाहता येत नाही. त्याच्या हाती आज कलम ३१४ आहे. ते त्याला कोणीतरी मराठीत सांगितले पाहिजे.